जलचिन्ह

बाबा नोटा तपासायचे.
जेलरोडचा छापखाना, चौतीस वर्षं,
शांतवन पाटोळे, टोकन नंबर अकराशे सात.
भोंगा झाला की अंगझडती देऊन
रिकाम्या खिशांनी सायकलवर शरणपूरला यायचे
आणि दिव्याखाली पवित्र शास्त्र उघडायचे.
ओळीखालून फिरणारं बोट तेच,
दिवसभर लाखोंच्या कडा चाचपलेलं.

मी पॉलिटेक्निकला होतो. जीभ नवी होती.
म्हणालो, ते खरं आहे हे कोण सांगतं, बाबा?
तेच सांगतं ना?
आपणच आपला साक्षीदार, कोर्टात चालेल?
मेंढपाळ, कोळी, जकातवाला,
शेकडो वर्षं कुणीकुणी लिहिलं,
कुणी ठेवलं, कुणी गाळलं.
विसपुतेकाकांकडे त्यांची पोथी आहे,
अन्वरच्या घरी रेहालवर त्यांचं आहे.
सगळ्यांनाच आपलं शेवटचं वाटतं.

बाबा बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.
"विसपुत्यांच्या पोथीतला चांगला शब्द
मी का नाकारू?
पण मला जाब विचारायचा हक्क
मी ह्या एकालाच दिलाय."
सुरी थांबली.
"दिलाय म्हणजे... दिला नाही.
होताच त्याच्याकडे. मला उशिरा कळलं."

एवढ्यानं माझं भागलं नाही.

मग नोव्हेंबरातली ती रात्र.
टीव्हीसमोर बाबा, आई, मी.
त्यांच्या हातांखालून गेलेल्या हजाराच्या नोटा
मध्यरात्री नुसता कागद होणार होत्या.
वचन छापलेलं होतं त्यांच्यावर. सही होती.
मला वाटलं, आता बाबा बोलणार,
कुठला शब्द रद्द होतो, कुठला नाही,
प्रवचनाला आयतीच संधी.
ते उठले, माठातलं पाणी प्याले
आणि झोपायला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.
सिव्हिलला नऊ दिवस.
बाबांचे डोळे काचबिंदूनं आधीच नेत आणले होते,
त्यानंतर त्यांनी औषध घालायचंच सोडलं.
वाचायचं काम माझ्याकडे आलं.

एका रात्री म्हणाले, राखेत बसलेल्या माणसाचं काढ.
ज्याचं सगळं गेलं,
जो देवालाच समोर बोलावतो: का?
वाचता वाचता माझा गळा भरून आला
आणि मी पदरची एक ओळ घातली,
त्याच जुन्या भाषेच्या वळणानं:
मग परमेश्वराने त्याच्याजवळ बसून त्याला कारण सांगितले.

बाबांचा अंगठा तर्जनीवर घासला गेला,
कागद जाड लागावा तसा.
"ही आपली नाही."
"काय?"
"ही ओळ. नकली आहे. छपाई चांगलीय हो,
पण तिथं कारण दिलेलं नाही.
नुसत्या माणसानं लिहिलं असतं, तर दिलं असतं.
तुझ्यासारखं. मायेनं."

खाली कुणीतरी रिक्षा चालू करत होतं, ती होत नव्हती.
मी विचारलं, दिसत नाही तर तपासता कशावर?
ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.
"मलाही वाटायचं, मीच तपासतोय ह्याला.
अरे, नोट मी आहे.
रोज मला दिव्यासमोर धरतो,
बघतो, आत ती खूण आहे का.
कधी कधी नसते."

माझं अजून ठरलेलं नाही.
मी मागची ओळ पुन्हा वाचली, होती तशी.
ते झोपल्यावर पान दिव्यासमोर धरलं.
कागद पातळ, पलीकडची अक्षरं उलटी उमटलेली,
आणि त्यांच्यामध्ये, काळसर,
माझीच चार बोटं.